यादीत नाव सापडतं, मालक सापडत नाही

शेतीसाठीचं सरकारी अनुदान कुणाला किती मिळालं याची नावानिशी यादी छापणं म्हणजे लोकांच्या खासगीपणावर घाला नाही का, आणि त्यातून हाती तरी काय लागतं, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत. अशा याद्या चाळायची मला जुनी खोड आहे, तेव्हा उत्तर जरा लांबेल.

पहिल्या प्रश्नावर युरोपात रीतसर कोर्टकचेरी झाली आहे. युरोपीय संघाच्या बजेटचा जवळजवळ एक तृतीयांश पैसा शेतीवर जातो. तो घेणाऱ्यांची नावं जाहीर करायचा नियम आला तेव्हा जर्मनीतले दोन लाभार्थी कोर्टात गेले. 9 नोव्हेंबर 2010 च्या निकालात युरोपीय न्यायालयाने सांगितलं की संस्था-कंपन्यांची नावं छापायला हरकत नाही. पण रक्कम केवढी, मदत कसली, किती वेळा घेतली, यातलं काहीच न बघता प्रत्येक व्यक्तीचं नाव सरसकट चव्हाट्यावर मांडता येणार नाही. पुढे 2013 च्या नियमांनी नावं परत आणली, पण अगदी लहान रकमा (फार तर 1250 युरो) घेणाऱ्यांच्या नावाच्या जागी नुसता सांकेतिक क्रमांक ठेवला. मला हा तोडगा पटतो. दोन-चार एकरवाल्याचं नाव शेजाऱ्याला कळून जनतेचं कसलं भलं होणार आहे?

दुसऱ्या प्रश्नात खरी गोम आहे. 2005 मध्ये ब्रिटनची यादी बाहेर आली, त्यात खुद्द राणीचं नाव निघालं आणि वर्तमानपत्रांना चघळायला विषय मिळाला. माझ्या मते त्यात घोटाळा काहीच नव्हता. जमिनीच्या मापाने पैसे वाटले की ज्याची जमीन मोठी त्याचं अनुदान मोठं. म्हणूनच तर युरोपीय संघाच्या थेट अनुदानातला सुमारे 80 टक्के पैसा 20 टक्के लाभार्थ्यांकडे जातो. चूक असलीच तर नियमात आहे, आणि ती आकड्यांत दिसली हा यादीचा फायदाच.

यादी थिटी पडते ती पुढे. रकान्यात कंपनीचं नाव असतं, कंपनीमागचा माणूस नसतो. चेक प्रजासत्ताकाचे आंद्रेय बाबिश यांनी आपला अ‍ॅग्रोफर्ट हा उद्योगसमूह 2017 मध्ये ट्रस्टच्या नावावर केला आणि त्याच वर्षी ते पंतप्रधान झाले. समूहाला अनुदान मिळतच राहिलं. ट्रस्टवर ताबा तेव्हाही त्यांचाच होता, म्हणजे हा हितसंबंधांचा संघर्ष होता, हे युरोपीय आयोगाच्या लेखापरीक्षणातून पुढे आलं. नुसती यादी वाचून ते कुणाला कळलं असतं?

अमेरिकेत दुसरी गंमत. तिथे अनुदानाला माणशी मर्यादा आहे, पण भागीदारी संस्थेत प्रत्येक पात्र भागीदाराची मर्यादा वेगळी धरतात. भागीदार वाढवा, पैसे वाढतात. शिवाय पीकविम्याच्या हप्त्यातला मोठा वाटा सरकार भरतं, आणि त्याचा लाभ कुणी घेतला ती नावं तर कायद्यानेच गुप्त आहेत. थेट अनुदानाच्या यादीवर वाद घालत बसायचं आणि हा पैसा मात्र बिनबोभाट जातो, हे मला जास्त खुपतं.

तुम्ही स्वतः यादी उघडणार असाल तर नावावर शोधू नका. एकच संस्था एकदा पूर्ण नावाने, एकदा आद्याक्षरांनी, एकदा शेवटी ‘लि.’ लावून येते आणि तीन वेगळे लाभार्थी भासतात. आधी गाव किंवा पिनकोडच्या रकान्यावर क्रम लावा, मग रकमेवर. एकाच गावाखाली पाच-सहा जुळ्या नावांच्या कंपन्या आणि प्रत्येकीची रक्कम मर्यादेच्या जरा आत, असं दिसलं की कंपनी नोंदणीच्या दप्तरात संचालक कोण ते बघा. आणि फाइल लगेच उतरवून ठेवा. युरोपातल्या याद्या 2 वर्षंच वेबसाइटवर ठेवायचा नियम आहे, जुनी मागायला गेलात की मग अर्जफाटे करत बसावं लागतं.