ग्राफिक कार्ड टाकल्यावर लाइटरूम खरंच पळतं का?

तुमचा प्रश्न असा आहे, की आय-फाइव्ह प्रोसेसर आणि १६ जीबी रॅमच्या डेस्कटॉपवर लग्नाचे फोटो एडिट करताना लाइटरूम आणि फोटोशॉप दोन्ही अडतात, वेगळं ग्राफिक कार्ड नाही, तर ते टाकून फरक पडेल का. मी नाशिकमध्ये लग्नांचंच काम करते आणि थंडीत जवळच्या नांदूरमध्यमेश्वर अभयारण्यात पक्ष्यांचे फोटो काढते. माझं उत्तर: लाइटरूममध्ये बराच पडेल, अल्बम डिझाइनमध्ये जवळजवळ नाही.

२४ मेगापिक्सेलची फ्रेम म्हणजे ६००० गुणिले ४०००, म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. एक्स्पोजर वाढवलं की प्रत्येक पिक्सेलवर तेच गणित होतं, आणि एकाला दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबावं लागत नाही. प्रोसेसरमध्ये मोजके ताकदवान कोअर, म्हणजे गणित करणारे भाग, असतात, कार्डात छोटे पण हजारोंनी. त्यामुळे असलं एकसुरी काम कार्ड चटकन उरकतं.

याचा सगळ्यात मोठा फायदा डिनॉइझमध्ये, म्हणजे फोटोतले रवाळ ठिपके काढण्यात, दिसतो. अडोबीने एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये एआय डिनॉइझ आणलं, आणि ते जवळपास पूर्णपणे कार्डावरच चालतं. नांदूरमध्यमेश्वरला धुक्यात, सूर्य वर यायच्या आत रोहित पक्षी टिपायचे तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, ६४०० च्या खाली उतरता येत नाही, आणि ती वाढली की ठिपकेही वाढतात. लॉनवरच्या रात्रीच्या रिसेप्शनचीही तीच गत. अशी एक फाइल कार्डाशिवाय काही मिनिटं घेते, बऱ्या कार्डावर तेच काम सेकंदांत होतं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांतले टेन्सर कोअर याच जातीच्या गणितासाठी बनवलेले आहेत. जून २०२२ पासून लाइटरूम क्लासिकमध्ये एक्स्पोर्टलाही कार्डाची मदत होते. प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्स टॅबवर ग्राफिक्स प्रोसेसरच्या खाली ‘कस्टम’ निवडून एक्स्पोर्टची टिक आहे ना, ते बघा.

आता अल्बम. १२ बाय ३६ इंचांची शीट ३०० डीपीआयला १०८०० गुणिले ३६०० पिक्सेल होते. आठ बिटमध्ये एक पूर्ण लेअर साधारण ११५ एमबी. त्यावर बॅकग्राउंड, मास्क, दहाबारा फोटो, आणि अशा चारपाच शीट एकदम उघड्या. रॅम संपली की फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे रॅमऐवजी डिस्कवरच्या तात्पुरत्या जागेत, लिहायला लागतं, आणि ती डिस्क जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर हातावर हात ठेवून बसायचं. तिथे कितीही महागडं कार्ड काही करू शकत नाही. लिक्विफाय, ब्लर गॅलरी, कॅमेरा रॉ यांना कार्ड मदत करतं, पण फाइल उघडणं आणि सेव्ह करणं हे त्याचं कामच नाही. मेमरी कार्डावरून फोटो उतरवतानाही वेळ जातो तो कार्ड रीडर आणि डिस्कचा.

म्हणून आधी विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा आणि मशीन अडतं त्याच क्षणी परफॉर्मन्सवर बघा. मेमरी भरलेली किंवा डिस्क शंभर टक्क्यांवर असेल तर आधी रॅम ३२ जीबी करा आणि लाइटरूमचा कॅटलॉग (फोटोंची नोंद ठेवणारी फाइल) एनव्हीएमई एसएसडीवर, म्हणजे वेगवान, न फिरणाऱ्या डिस्कवर हलवा. त्याचा खर्च कार्डाच्या मानाने कमी आहे आणि फरक रोज जाणवेल. मेमरी आणि डिस्क निवांत आहेत आणि डिनॉइझवर किंवा एक्स्पोर्टवरच तासन् तास जात असतील, तर कार्ड घ्याच. कार्ड बसवल्यावर एक लक्षात ठेवा: टास्क मॅनेजरमध्ये त्याचा ‘थ्रीडी’चा आलेख सपाट दिसला तरी ते काम करत असू शकतं. आलेखाच्या डोक्यावरच्या बाणातून ‘कॉम्प्युट’ किंवा ‘कुडा’ (कार्डावरच्या गणिताचे आलेख) निवडलंत की खरा भार दिसतो.

घेताना ८ जीबी व्हीरॅमच्या, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीच्या, खाली जाऊ नका. लाइटरूमऐवजी डार्कटेबल हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना तर ही फार लागते. ते फुकट आहे आणि ओपनसीएलवर (कार्डाकडून गणित करून घ्यायची पद्धत) छान पळतं, पण २४ मेगापिक्सेलच्या फोटोची प्रत्येक प्रत आत ३८४ एमबी व्यापते. व्हीरॅम पुरली नाही की ते फोटोचे तुकडे करून काम करतं आणि वेग पडतो. एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) किती वॅटचा आहे आणि कार्डाचा पॉवर कनेक्टर त्यात आहे का, हे कॅबिनेट उघडून पाहा. एनव्हिडियाचं कार्ड घेतलंत तर गेमऐवजी फोटो-व्हिडिओच्या कामासाठी असलेला स्टुडिओ ड्रायव्हर टाका, आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डातून काढून कार्डाला लावा.

पैसे देण्याआधी दुकानदाराला त्याच्याकडच्या चालू मशीनवर डिनॉइझ चालवू द्या म्हणा. तुमच्या स्वतःच्या रात्रीच्या रिसेप्शनच्या रॉ फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जा, एका फाइलला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजा, आणि मगच ठरवा.