केस गळतीवर समुद्री शेवाळाच्या गोळ्या किंवा शाम्पूचा खरंच उपयोग होतो का?

केस वाढतात असं म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाही, आणि गोळ्या तर थायरॉइड तपासल्याशिवाय घेऊच नका. आशा वाटावी असं काम कोरियात ‘एक्लोनिया कावा’ या तपकिरी शेवाळावर झालंय: अर्क पाठीवर लावल्यावर उंदरांचे केस वाढीच्या अवस्थेत गेले, आणि त्यातल्या डायेकॉल या घटकाने केसांच्या मुळाशी असणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढल्या. पण उंदराच्या पाठीवरून माणसाच्या टाळूबद्दल ठाम बोलता येत नाही.

गोळ्यांमध्ये बहुधा केल्प हे मोठं तपकिरी शेवाळ असतं, आणि खरी अडचण त्यातल्या आयोडीनची. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं. एक ग्रॅम वाळलेल्या कोम्बूत (जपानी स्वयंपाकातलं केल्प) २,००० मायक्रोग्रॅमहून जास्त असू शकतं. आपलं मीठ आधीच आयोडीनयुक्त! जादा आयोडीनने थायरॉइड मंदावलं, तर केस उलट जास्त गळतात.

शाम्पू-कंडिशनरचं तसं नाही. शेवाळातल्या अल्जिनेट या चिकट पदार्थाचा पातळ थर केसावर बसतो, केस मऊ लागतात. मुळांना त्याचा फायदा नाही. हौस म्हणून वापरायला हरकत नाही. गळती दोन-तीन महिने चालूच असेल तर आधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या.