ओहोटी किती वाजता आणि जागा कुणाची?

पावसाळा तोंडावर आला की नागरी प्रश्नांची पत्रं वाढतात. या वेळी मुंबईतले चार प्रश्न घेतले आहेत.

आमच्या सोसायटीतले पंचवीसेक जण दर रविवारी सकाळी सातला वर्सोव्याच्या किनाऱ्यावर सफाईला जातात. एखाद्या रविवारी पोतीच्या पोती भरतात, तर एखाद्या रविवारी उभं राहायला वाळू नसते. भरून ठेवलेली पोतीही दोनदा वाहून गेली. नियोजनात काय चुकतंय?

सकाळी सात ही वेळ तुमच्या सोयीची आहे, समुद्राच्या नव्हे. कोळीवाड्यातला जुना हिशेब असा: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला बारा धरा. दिवसात दोन भरत्या होतात, म्हणून दुपारी तीन तशीच पहाटे तीनलाही. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे अंतिम वेळ छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच घ्या. पण महिन्याचे रविवार ठरवायला तो पुरेसा आहे. अष्टमी ते एकादशीच्या रविवारी सकाळी सातला पाणी चढलेलं असणार. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळी सहा-सातला पाणी सगळ्यात दूर. पहिल्या पाच तिथींचे रविवार उत्तम, कारण रात्रीच्या भरतीने ताजा कचरा आणून टाकलेला असतो आणि सकाळी सातला पाणी दूर असतं किंवा मागेच सरत असतं.

भरती उतरल्यावर दोनेक तासांनी सुरुवात करा. सगळ्या किनाऱ्यावर पांगायचं नाही. पाणी जिथवर चढलं होतं तिथे शेवाळ, काड्या, थर्माकोलचे दाणे यांची एक वाकडीतिकडी रेघ उमटलेली असते. किनाऱ्यावरचा बहुतेक हलका कचरा त्या दोन-तीन हात रुंद पट्ट्यातच असतो. तीन-तीन जणांच्या टोळ्या करा: एक पंजा (लांब दांड्याचं दाताळं) ओढणारा, एक वेचणारा, एक पोतं धरणारा. प्रत्येक टोळीला पन्नास मीटर. फोटोपुरते आलेले पाहुणे असतील तर पोतं धरायचं काम त्यांना द्या. त्यात चुकण्यासारखं काही नाही आणि हात अडकलेले राहतात.

पोतं सिमेंटच्या किंवा तांदळाच्या विणलेल्या गोणीचं घ्या, काळ्या पातळ पिशव्या ओल्या वाळूच्या वजनाने बुडातून फाटतात. अर्ध्यावरच तोंड बांधा. प्लास्टिकच्या पिशव्या गोणीत टाकण्यापूर्वी झटका, नाहीतर तुम्ही कचऱ्याच्या नावाखाली वाळू वाहून नेता. थर्माकोलच्या दाण्यांसाठी बांधकामावरची वाळू चाळायची चाळणी लागते. वाळूत रुतलेलं मासेमारीचं जाळं चार जणांनी ओढू नये. ते तुटतं, उरलेला भाग आत राहतो आणि पुढच्या भरतीत उघडा पडतो. दातेरी विळ्याने तुकडे करत, बाजूची वाळू फावड्याने मोकळी करत काढा. सुया आणि काचा गोणीत नकोत, जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत. जेसीबी आणूच नका. तो कचऱ्याबरोबर वाळू, वाळूतली खेकड्यांची बिळं आणि किनारा धरून ठेवणारी वेलही उपसतो.

पोती वाहून गेली कारण ती त्या रेघेच्या खालच्या अंगाला ठेवली होती. रेघेपासून निदान दहा पावलं वर आणि गाडी पोचेल अशा ठिकाणी ठेवायची. आधीच्या गुरुवारपर्यंत वॉर्ड कार्यालयात घनकचरा विभागाच्या सहायक अभियंत्यांना लेखी कळवा: तारीख, जागा, अंदाजे किती पोती, गाडी किती वाजता हवी. पोच घ्या. रविवारी फोनाफोनी करून गाडी आली तर नशीब समजा.

पावसाळ्यात दोन गोष्टी जपा. जून ते ऑगस्टमध्ये निळसर फुग्यासारखे, मागे लांब निळे धागे असलेले डंखी जीव किनाऱ्यावर येतात. मेलेले दिसले तरी त्यांचे धागे डंख मारतात, म्हणून हात न लावता दाताळ्याच्या पंजाने उचला. डंख झालाच तर वाळूने चोळू नका. समुद्राच्या पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीस मिनिटं ठेवा. धाप लागली किंवा अंगावर सूज चढली तर थेट रुग्णालय. दुसरं म्हणजे, समुद्र खवळलेला असताना पाण्याच्या कडेला कुणीही जायचं नाही, कितीही मोठं जाळं दिसलं तरी.

वर्सोव्यात ऑक्टोबर २०१५ पासून अफरोज शाह यांच्या पुढाकाराने चाललेल्या सफाईनंतर २०१८ च्या मार्चमध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली होती. हिवाळ्यात वाळूवर वल्ही ओढल्यासारख्या खुणा दिसल्या तर त्या पुसू नका, उकरू नका. त्या पट्ट्यातलं काम थांबवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

गोरेगाव पश्चिमेला आमच्या वसाहतीमागे खाडी आहे. तिवरांच्या (खारफुटीच्या) कडेला रात्री डंपर राडारोडा टाकतात. वॉर्डात म्हणतात, जागा खासगी आहे. आम्ही शाळेच्या मुलांकडून तिथे नवी रोपं लावून घ्यावीत का?

रोपं नंतर. आधी ‘खासगी’ हे उत्तर बाजूला ठेवू. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशाने खारफुटीची तोड आणि तिच्यावर भराव टाकणं थांबवलं, आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ते संरक्षण कायम केलं. मालकी कुणाचीही असो, खारफुटी तोडता येत नाही, आणि तिच्याभोवतीच्या ५० मीटरांच्या पट्ट्यात बांधकाम किंवा भराव चालत नाही. तक्रारीत या दोन्ही तारखा लिहा. ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर मग तितकंसं सोपं राहत नाही.

तरी जागा कुणाची हे शोधून काढाच, कारण कागद कुठल्या टेबलावर जायचा ते त्यावर ठरतं. भूमी अभिलेखाच्या संकेतस्थळावर नकाशातून नगर भूमापन क्रमांक मिळतो, त्यावरून मालमत्ता पत्रक निघतं. एकच तक्रार तिघांना पाठवा: उपनगर जिल्हाधिकारी कार्यालय, वनविभागाचा कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्ष आणि पालिकेचं वॉर्ड कार्यालय. प्रत्येकावर इतर दोघांची नावं ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून दिसली पाहिजेत. एकमेकांकडे बोट दाखवायला मग जागा कमी उरते.

पुरावा म्हणून बहुतेक लोक ढिगाऱ्याचा फोटो पाठवतात. ढिगारा समतल केला की तो फोटो निकामी. त्याऐवजी एकाच जागी उभं राहून, मागे न हलणारी खूण घेऊन (विजेचा टॉवर, इमारतीचा कोपरा) ओहोटीला एक आणि पौर्णिमा किंवा अमावास्येच्या भरतीला एक असे फोटो काढा. ठिकाण आणि वेळ फोटोवर उमटेल अशी मोबाइलची सोय वापरा. पाणी पूर्वी येत होतं तिथे आता येत नसेल तर कुठेतरी मातीचा बांध घातलेला आहे, तो शोधा. खारफुटी कुऱ्हाडीने मारण्यापेक्षा अशी मारणं सोपं असतं. भरतीचं पाणी अडवलं की काही महिन्यांत पानं पिवळी पडतात, चिखलाला भेगा जातात, आणि मग ‘इथे खारफुटी नव्हतीच’ म्हणता येतं. तिवराच्या बुंध्याभोवती पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं पाहा, झाड त्यांतून श्वास घेतं. राडारोड्याखाली ती गाडली गेली की झाड उभ्या उभ्या गुदमरतं. गाळाने लिंपलेल्या मुळांचा जवळून घेतलेला फोटो तक्रारीला जोडा. डंपरचा क्रमांक मिळाला तर उत्तम, पण रात्री गाडी अडवायला जाऊ नका.

लागवडीबद्दल आमचं मत थोडं कडू आहे. अशी बरीच रोपं दिखाऊ ठरतात, कारण ती चुकीच्या उंचीवर लावलेली असतात: फार खाली लावली तर कायम पाण्यात, फार वर लावली तर भरती पोचतच नाही. भरतीची वाट मोकळी असेल तर तिवराची बी पावसाळ्यात गळून पाण्याबरोबर तरंगत येते आणि जागा स्वतः निवडते. म्हणून आधी राडारोडा आणि बांध सरकारी यंत्रणेकडून हटवून घ्या, मग एक पावसाळा वाट पाहा. मुलांना नेणारच असाल तर मुळांवर गुंडाळलेल्या पिशव्या कडेकडेने हाताने सोडवण्याचं काम द्या. पंजा नको, तो मुळंच मोडतो. गमबूटही नको, चिखलात बूट राहतो आणि पाय बाहेर येतो. घट्ट नाडीचे जुने बूट बरे.

आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी भरतं. नालेसफाई झाल्याचं सांगितलं जातं. खरंखोटं कसं तपासायचं?

आधी पाणी भरण्याचं कारण शोधायचं आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. गल्लीतल्या एका भिंतीवर जमिनीपासून दर दहा सेंटिमीटरवर रंगाची रेघ मारा. पाणी साचायला लागलं की दर अर्ध्या तासाने उंची आणि वेळ वहीत लिहा, शेजारी भरतीची वेळ. चार-पाच पावसांत चित्र स्पष्ट होतं. पाणी फक्त भरतीच्या आगेमागे चढत असेल आणि ओहोटी लागताच आपोआप उतरत असेल, तर तुमच्या गल्लीची गटारं ठीक आहेत, समुद्राकडचं तोंड बंद पडतंय. ओहोटीलाही पाणी हलत नसेल, तर अडथळा जवळच आहे: गाळ, खचलेली गटारवाहिनी, किंवा तिच्यातून आडवी गेलेली केबल वा पाण्याची वाहिनी, जिला कचरा अडकतो.

मुंबईत पावसाचं पाणी समुद्रात सोडणाऱ्या १८६ पातमुखांपैकी ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत, १३५ भरतीच्या पातळीखाली, आणि फक्त ६ भरतीच्या वर. भरतीला नुसत्या उताराने पाणी जाणार नाही म्हणूनच हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध इथली उदंचन केंद्रं (पंपाने पाणी उपसून समुद्रात सोडणारी) बांधली. जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. १९९३ च्या बृहन्मुंबई पर्जन्य जलनिःसारण अहवालाने ती क्षमता ५० मिलिमीटर करायला सांगितली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी जवळपास साडेचार मीटरची भरती होती. तेव्हा साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस पालिकेच्या पावसाळी यादीत पाहून ठेवा आणि त्या दिवशी तळमजल्यावरच्या वस्तू आधीच उचला.

अडथळा जवळचा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. ‘सफाई का झाली नाही?’ असं विचारलंत तर उत्तर मिळणार नाही, कारण कायदा कागद देतो, खुलासा देत नाही. असं लिहा: ‘अमुक नाल्यातून १ एप्रिल ते ३१ मे या काळात काढलेल्या गाळाच्या प्रत्येक गाडीची वजनकाट्याची पावती, गाडी क्रमांक आणि गाळ टाकल्याचं ठिकाण यांच्या प्रती द्याव्यात.’ महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा न्यायालयीन शुल्क मुद्रांक. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा मुद्रांक. अर्ज मे महिन्याच्या शेवटी टाकलात तर उत्तर पावसाळ्यातच हाती येतं आणि वहीतल्या नोंदींशी ताडून पाहता येतं. उपसलेला गाळ काठावरच पडून असेल तर तारीखवार फोटो ठेवा. पहिल्या मोठ्या सरीत तो परत आत जातो आणि कागदावर मात्र निघालेलाच राहतो.

एक गोष्ट मात्र करू नका: पाणी लवकर जावं म्हणून मॅनहोलचं झाकण उघडणं. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एका नामवंत डॉक्टरांचा जीव उघड्या मॅनहोलने घेतला. झाकण सरकलेलं दिसलं तर बांबू रोवून त्यावर लाल फडकं बांधा, माणूस उभा करा आणि १९१६ ला फोन करा.

सोसायटीत खत करतो, पण घरोघरी मासळी असल्याने वास येतो आणि तक्रारी होतात. मासळीचा कचरा वेगळा द्यावा का?

द्यायची गरज नाही. मासळीने खत चांगलंच होतं, फक्त कोरडा पाला कमी पडतोय. मासळीच्या एका बादलीला कोरड्या पाल्याच्या किंवा लाकडाच्या भुशाच्या तीन बादल्या हव्यात. मासळी कधीही वरच्या थरात नको. ढिगाच्या मध्ये खड्डा करून टाकायची आणि वर वीतभर पाला. ढीग निदान तीन फूट लांब, रुंद, उंच असावा, त्याहून लहान ढीग तापत नाही. मूठभर माल दाबल्यावर एक-दोन थेंब सुटले तर ओल बरोबर. धार लागली तर पाला घाला. वास नाक झोंबणारा असेल तर पाला कमी आहे, सडक्या अंड्यासारखा असेल तर हवा कमी आहे, ढीग उलटा. कडेने अर्ध्या इंचाची जाळी लावा, नाहीतर मांजरं आणि घुशी रोज रात्री ढीग उपसतील. तिसऱ्या-शिंपल्यांची कवचं आणि करवंट्या वेगळ्या काढा, त्या तीन महिन्यांत कुजत नाहीत. खाऱ्या सुक्या मासळीचं पाणी ढिगात ओतू नका.

खरी अडचण जुलैत येते. बाहेर एकही पान कोरडं नसतं आणि मासळी मात्र रोज येते. म्हणून फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पानगळ चालू असतानाच बदाम-पिंपळाचा पाला गोण्यांत भरून जिन्याखाली ठेवा. रोज दोन बादल्या मासळी निघत असेल तर चार महिन्यांना सातशेहून अधिक बादल्या पाला लागेल. जिना पुरत नसेल तर वखारीतला भुसा आधीच सांगून ठेवा.