विलायतेतील ‘इंडियन’ जेवण

प्रश्न : ब्रिटनमध्ये भारतीय जेवण एवढे लोकप्रिय असूनही तिथल्या ‘करी’ला घरची चव का नसते?

उत्तर : लंडनमध्ये शेख दीन महंमद यांनी १८१० मध्ये भारतीय खानावळ काढली, ती फार काळ चालली नाही, पण १९२६ मध्ये रीजंट स्ट्रीटवर सुरू झालेले ‘वीरास्वामी’ शतकभर टिकले. मात्र गल्लोगल्ली करी पोहोचवली ती प्रामुख्याने सिल्हेटहून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून गेलेल्या लोकांनी, त्यामुळे ‘इंडियन’ ही पाटी तशी सैलच म्हणायची. या उपाहारगृहांत ढीगभर कांदा आले-लसणासह मऊ शिजवून, वाटून एकच पातळ रस्सा आधी तयार ठेवतात आणि मागणी येताच त्यात कधी मलई, कधी जादा तिखट घालून कोर्मा किंवा मद्रास करी काही मिनिटांत वाढतात. साहजिकच सगळ्यांची चव एकमेकींच्या जवळ जाते. चिकन टिक्का मसाला याच वळणाचा, आणि २००१ मध्ये परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी त्याला ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ म्हटले, ते मला अतिशयोक्तीचे वाटत नाही. आपली भाकरी-पिठले मात्र तिथे अजून क्वचितच दिसते.