बुरशी गावकार की भायली?

फोंडा, भर आषाढ

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू एवढी खुशीत होतीस, की त्यावर विरजण घालवेना. म्हणून लिहितोय. अंटार्क्टिकाच्या डिसेप्शन या ज्वालामुखी बेटाच्या मातीच्या 14 प्लेट्स आणि चौदाही प्लेट्सवर बुरशी. छानच. पण ‘ज्वालामुखीच्या राखेत जगणारी बुरशी’ असं एवढ्यात वहीत लिहू नकोस. सापडली, एवढंच आपल्याला कळलंय. तिथे ती जगत होती की नुसती पडून होती?

आपल्या भाषेत विचारायचं तर गावकार की भायली, म्हणजे मूळची की बाहेरून आलेली? गोव्यात हा प्रश्न काढला की भांडण पेटतं. तुझ्या कामात मात्र तो काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

अंटार्क्टिकाच्या नकाशात ते बेट बघ. ज्वालामुखीचं तोंड खचलं आणि समुद्र आत शिरला. जहाज थेट त्याच्या पोटात जाऊन नांगर टाकतं. 1967, 1969 आणि 1970 साली उद्रेक झाले, त्यांत चिली आणि ब्रिटनची ठाणी उद्ध्वस्त झाली. एवढं ऐकून वाटतं, तिथे कोण फिरकणार? पण 1912 ते 1931 व्हेलचं तेल काढायचा कारखाना तिथेच होता. लाकडाचे अवशेष अजून राखेत अर्धवट गाडलेले आहेत. आता उन्हाळ्यात पर्यटक उतरतात. पेंग्विन, सील आणि वारा तर आहेतच. पेनिसिलियमसारख्या साध्या बुरशीचा बीजाणू यांतल्या कुणाबरोबरही येईल, थंडीत वर्षानुवर्षं गप्प राहील आणि तुझ्या प्लेटवर आयता बटाटा-साखरेचा पाहुणचार मिळाला की अंग धरेल. डीएनए काढूनही सुटका नाही. थंडीत मेलेल्यांचाही डीएनए टिकतो.

शिवाय सगळ्यात जवळचा भायला तुझ्याच खोलीत असतो. मी तिथेच फसलो होतो. अंटार्क्टिकातल्या ‘मैत्री’ या आपल्या ठाण्याजवळची माती, जुलै महिना. प्लेटवर हिरवट-राखाडी मखमल, कडेला पांढरी झालर. दोन महिने मी तिचं कौतुक केलं. 30 अंशांवर ती तीन दिवसांत प्लेट भरायची, 5 अंशांवर ढिम्म हलायची नाही. तरी माझे डोळे उघडले नाहीत. शेवटी एसीच्या जाळीवर कापूस फिरवून प्लेटला लावला, तर तीच मखमल! पावसात कपाटातल्या चपलांवर चढते, तिचीच बहीण.

माझ्या वेळी 5 अंशांची परीक्षा पुरली असती. ‘मैत्री’चा खडक जुना, थंडगार. तुझं काम अवघड आहे. डिसेप्शनवर वाफेच्या भेगांपाशी माती शंभर अंशांच्या आसपास जाते आणि हिमनदी तिथून फार लांब नसते. तिथे ऊब लागणारी बुरशी अस्सल गावकार असू शकते. उलट स्यूडोजिम्नोअ‍ॅस्कस, जिला आपण डोळे झाकून ध्रुवीय म्हणतो, ती साधारण पंचविशीपुढे वाढत नाही. कढत मातीच्या पुडीत निघाली तर तीच पाहुणी. म्हणून ज्यांनी माती पाठवली त्यांना आधी विचार, खणलं तिथे, त्याच खोलीवर, तापमान किती होतं? तो आकडा नसेल तर ती पुडी बाजूला ठेव.

अंटार्क्टिकातल्याच केप इव्हान्सची गोष्टही लक्षात ठेव. माउंट एरेबसच्या पायथ्याच्या काळ्या खडीवर दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या स्कॉटच्या माणसांनी 1911 साली झोपडी बांधली. तिचं लाकूड कॅडोफोरा बुरशीनं पोखरलं. फळ्यांबरोबरच आली असेल, असं कुणालाही वाटेल. पण ती अशा झोपड्यांपासून दूरच्या मातीतही मिळाली. लाकूड भायलं, बुरशी बहुधा तिथलीच! आपल्या रोंयणीवरच्या, म्हणजे वारुळावरच्या, अळमीचं बरं आहे, खाली वाळवीनं तिचा संसार मांडलेला असतो, दाखला मागावा लागत नाही.

आता काम. प्रत्येक बुरशी 5, 15, 30 आणि 45 अंशांवर लाव. माती नुसती सूक्ष्मदर्शकाखाली घे आणि कणांना चिकटलेले तंतू शोध. बीजाणू आणि तंतू यांत फार फरक आहे: बीजाणू नुसता पडून राहतो, तंतू म्हणजे बुरशी वाढली. ज्या टेबलावर माती उघडलीस, त्यावर कोऱ्या प्लेट्स तासभर उघड्या ठेव. आणि रविवारी जेवायला येताना त्याच आधी घेऊन ये, त्या चौदा नंतर बघू.

तुझा,
सर