बुटाचा पट्टा पुन्हा सुटला?

ताई, मी मूळची पुण्याची, दोन वर्षांपासून स्पेनमधल्या सेव्हियात राहते. आधी सात वर्षं कथक केलं, आता फ्लामेंको हा इथला नाच शिकते. बसवलेला नाच झोपेतून उठवलं तरी करेन. पण वर्गाच्या शेवटी सगळे अर्धगोल करून बुलेरिआ, म्हणजे फ्लामेंकोतला एक जलद प्रकार, सुरू करतात, एकेकीने मधे जाऊन आयत्या वेळी नाचायचं असतं. माझे हातपाय गार पडतात, काहीच सुचत नाही. मागच्या वेळी बुटाचा पट्टा बांधायचं सोंग करून खाली बसून राहिले. सोडून देऊ का?
– पट्टेवाली

प्रिय पट्टेवाली,

टोपणनाव झकास घेतलंस! नाच सोडू नकोस.

‘सुचत नाही’ म्हणतेस, पण तिथे सुचायचं काय असतं? तुमच्या सेव्हियाजवळच्या हेरेस शहरात, जुन्या मोहल्ल्यांत घरच्या समारंभात आज्याही उठून बुलेरिआ नाचतात. आत येतात, गाण्यावर जरा डुलत पावलं टाकतात, ओळ संपली की एक ठसका मारून तोडतात, निघून जातात. संपलं. ती तोड नेमकी पडली की सगळे ‘ओले’, म्हणजे ‘वाहवा’, म्हणतात.

मी हे फजिती होऊन शिकले. हेरेसलाच एका वर्गात आरशासमोर घोटलेलं लांबलचक पायकाम घेऊन मधे गेले. गायकाने तीन ओळींचं कडवं म्हटलं, संपवलं, पाण्याची बाटली उघडली. मी आपली अजून पाय आपटतेय! टाळ्या देणाऱ्यांनी सांभाळून घेतलं, पण कुणाकडे बघायची सोय नव्हती.

तुझ्या बाबतीत आणखी एक शंका येते. बुलेरिआच्या मात्रा बारा, म्हणून तू मनात एकताल धरत असशील. तो सोड. इथे मोजणीच बारापासून सुरू होते आणि जोर पडतो बारा, तीन, सहा, आठ, दहावर. म्हणजे दोनदा तीन, मग तीनदा दोन. कथकवाल्यांचा जीव समेत, म्हणजे पहिल्या मात्रेत अडकलेला, तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेऊन एकवर यायचं. बुलेरिआत तोडायचं दहावर. पाय ‘एक’ शोधत राहिले तर डोकं बंद पडणारच.

तेव्हा महिनाभर मधे जाऊच नकोस. कडेला उभी राहून पाल्मास, म्हणजे टाळ्या दे, तळवे पोकळ ठेवून, दबक्या. नजर गायकाच्या तोंडावर. तो श्वास कुठे घेतो, ओळ कुठे संपवतो, हे हातांना कळू दे. ओळ संपतेय हे आधीच जाणवायला लागलं की निम्मी भीती गेली समज.

मग पहिल्या खेपेला एकच कडवं. आत चालत जा, साधी पावलं टाक, ओळीच्या शेवटी एक तोड, बाहेर. यामादा, म्हणजे गिटारवाल्याला ‘आता माझ्याकडे बघ’ सांगणारी ती खूण, पुढच्या खेपेला. मधेच डोकं रिकामं झालं तर जागच्या जागी उभी राहून टाळ्या दे. नावाजलेल्या नर्तकीसुद्धा देतात, कुणी त्याला चूक म्हणत नाही.

आणि जाताना माफी मागितल्यासारखी पळू नकोस. तालात चालत जा, टाळ्या सुरूच असतात.

– ताई

ता. क. पट्टा घरूनच घट्ट बांधून जा.