इंग्लंडमध्ये १६ जूनला सीझन उघडल्यावर मासे धरायला आधी नदीवर जावं की ड्रेनवर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी पीटरबरोला आलात, गावाकडे ओढ्यावर गळ टाकायची सवय आहे, आणि इथला सीझन १६ जूनला उघडतो असं ऑफिसात कळलं. तर सुरुवात नेन नदीवर करायची की शेतांमधून जाणाऱ्या त्या सरळसोट ड्रेनवर, म्हणजे शेतातलं पाणी काढायच्या चरावर, आमिष काय लावायचं, आणि मासा घरी आणलेला चालतो का?

मी बरीच वर्षं याच फेन भागात, म्हणजे या सखल दलदली प्रदेशात, राहतो आणि मला विचाराल तर पहिले दोन-तीन आठवडे पहाटे ड्रेन, ऊन वर आलं की नदीचं वाहतं पाणी. आमिषाचा विचार सगळ्यात शेवटी करा. या दिवसांत मासा कुठे बसलाय हे ज्याला कळलं, त्याला साध्या अळ्यासुद्धा पुरतात.

बंदी १५ मार्च ते १५ जून असते. नद्या, ओढे आणि ड्रेन यांवर कोर्स मासे, म्हणजे सॅमन-ट्राउट सोडून गोड्या पाण्यातले रोच, ब्रीम, टेंच, चब, पर्च, पाइक वगैरे, या काळात धरता येत नाहीत. बहुतेक तळी आणि कालवे यातून वगळलेत, म्हणून तिथे वर्षभर लोक दिसतात. कारण आपल्याकडच्या १ जून ते ३१ जुलैच्या समुद्रातल्या बंदीचंच: अंडी घालायच्या दिवसांत माशाला सुखानं राहू द्यायचं. इथला हा कायदा १८७८ चा. शेफील्डचे खासदार मुंडेला यांनी तो आणला, कारण शेफील्डचे कामगार रेल्वेनं लिंकनशायरच्या पाण्यांवर मासे धरायला यायचे आणि ते मासे टिकावेत ही त्यांचीच कळकळ होती. मला या नियमाबद्दल मनापासून आदर आहे, तो राजेरजवाड्यांनी नाही, गळ टाकणाऱ्या कष्टकऱ्यांनी मागून घेतला.

बंदी मासेमारीवर आहे, काठानं फिरण्यावर नाही. म्हणून आतापासूनच संध्याकाळी रॉड घरी ठेवून फक्त फिरायला जा. डोळ्यांवर पोलराइज्ड चष्मा हवा, त्यानं पाण्यावरची चकाकी जाते आणि आतलं दिसतं. लिलीच्या पानांची बेटं कुठे आहेत, दोन गवतांमध्ये मोकळी पट्टी कुठे आहे, कुठल्या पुलाच्या सावलीत रोचचा थवा उभा आहे, हे मनात टिपून ठेवा. लव्हाळ्यांत मासे खळबळ करताना दिसले, नरांच्या डोक्यावर पांढरे बारीक दाणे उठलेले दिसले, तर त्यांचं अंडी घालणं चालू आहे. थंड वसंत असेल तर ब्रीम आणि टेंच १६ जूनलाही त्यातच असतात. तारीख उलटली तरी तो भाग सोडून पुढे जा.

आता ड्रेनबद्दल जरा सविस्तर, कारण गावाकडे असं पाणी तुम्ही पाहिलेलं नसणार. हा सगळा प्रदेश दलदलीचा होता. १७ व्या शतकात व्हरमाउडन नावाच्या डच अभियंत्यानं पाणी काढायला सरळ चर खणले, त्याच्या नावाचा ड्रेन रॅम्झीजवळ आजही आहे, त्यालाच फॉर्टी फुट म्हणतात. पाणी निघालं तशी खालची पीटची, म्हणजे कुजलेल्या झाडापाल्याची, माती सुकून बसत गेली. पीटरबरोच्या दक्षिणेला होम फेनमध्ये एक लोखंडी खांब आहे. १९ व्या शतकाच्या मध्याला त्याचा माथा जमिनीलगत होता, आज तो सुमारे ४ मीटर वर उभा आहे. एकदा जाऊन बघाच. जमीन इतकी खचली म्हणून शेतातलं पाणी पंपानं उचलून वर ड्रेनमध्ये टाकावं लागतं. मासे धरणाऱ्याला हे कळायला हवं, कारण उन्हाळ्यात ड्रेन तळ्यासारखा निवांत असतो, पण वळवाचा पाऊस झाला की पंप सुरू होतात आणि तेच पाणी बघता बघता ओढ घेतं. फ्लोट, म्हणजे दोरावरचं तरंगणं, एकाएकी एका बाजूला सरकायला लागला तर मासा नाही, पंप चालू झालाय. अशा वेळी आमिष तळावर टेकवून, जरा जास्त वजन लावून बसा. ओढ मंद असेल तर ब्रीम उलट चांगली खातात.

ड्रेनचा काठ पायरीसारखा असतो. कडेला दोन-तीन फूट पाणी, मग उतार, मग पाच-सात फूट खोल सपाट तळ. गळाला प्लमेट, म्हणजे खोली मोजायचं वजन, अडकवून फूट-फूट पुढे टाकत जा. फ्लोट जिथे अचानक पाण्याखाली जातो तिथे उतार सुरू झाला. उताराचा पायथा ही तुमची जागा, वरून घरंगळलेलं सगळं खाणं तिथे साचतं. नवी मंडळी दम लावून पार पलीकडे आमिष फेकतात आणि पायाशी चरणारे मासे हुसकावतात.

या दिवसांत साडेचारच्या सुमारास उजाडतं. तेव्हा लिलीच्या कडेला सुईच्या टोकाएवढ्या बुडबुड्यांचा पुंजका वर येताना दिसला तर समजा टेंच चिखल उकरते आहे. मक्याचा एकच दाणा लावा. शेवटचं बारीक वजन गळापासून तीन-चार बोटांवर, अगदी तळाला टेकलेलं ठेवा. टेंच डोकं खाली घालून दाणा उचलते, तिच्याबरोबर ते वजन उचललं जातं आणि फ्लोट बुडण्याऐवजी वर येतो, कलतो, पाण्यावर आडवा होतो. त्याच क्षणी रॉड उचला. फ्लोट खाली जायची वाट बघाल तर मासा दाणा थुंकून गेलेला असेल.

एक अपवाद लक्षात ठेवा. गवत रात्रभर पाण्यातला ऑक्सिजन वापरतं, त्यामुळे तो पहाटेच सगळ्यात कमी असतो. दोन-चार दिवस कडक उकाडा असेल आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर रॉड बाहेर काढू नका. दमलेला मासा सोडला तरी वाचत नाही.

त्या दिवशी नदी. चब, डेस, बार्बेल अंडी घालून झाल्यावर बंधाऱ्याखालच्या फेसाळ, खेळत्या पाण्यात येतात. पीटरबरोच्या खाली नेन संथ आहे, म्हणून वर वॉन्सफर्डच्या बाजूला जा, जिथे लॉकच्या, म्हणजे बोटी वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या, शेजारून जुने प्रवाह वाहतात. लांब गवताच्या दोन बटांमधल्या वाटेनं फ्लोट सोडा, दोर हलकेच अडवत न्या, आणि दर फेकीला आठ-दहा अळ्या टाकत राहा. एकदम मूठभर टाकू नका.

आमिष इतकंच: अळ्या, मका, ब्रेड, आणि रोचसाठी उकडलेलं भांगेचं बी, ते दुकानात उघड मिळतं. गावाकडून शिशाची वजनं आणली असतील तर वापरू नका. हंस ती गिळून मरत होते म्हणून लहान शिशाच्या वजनांवर १९८७ पासून बंदी आहे.

रॉड लायसन्स एन्व्हायरन्मेंट एजन्सीचं, ऑनलाइन मिळतं, १३ वर्षांपासून पुढे सगळ्यांना लागतं. विना लायसन्स पकडलात तर दंड २,५०० पौंडांपर्यंत जातो. शिवाय ते पाणी ज्या क्लबचं असेल त्याचा पास वेगळा. विजेच्या तारांखाली कधीच बसू नका, कार्बनचा पोल, म्हणजे लांब रॉड, वीज खेचतो आणि फेनमध्ये तारा जागोजागी आहेत. काठावर उंदीर असतात, मुंबईच्या पावसाळ्यात ऐकतो तोच लेप्टो इथेही होतो, तेव्हा हाताला जखम असेल तर झाका आणि हात धुतल्याशिवाय डब्याला शिवू नका.

राहिला घरी नेण्याचा प्रश्न. नद्यांसाठीच्या नियमात दिवसाला २० सेंटीमीटरपर्यंतचे १५ छोटे मासे आणि ६५ सेंटीमीटरपर्यंतचा एक पाइक नेता येतो. ईल अजिबात नाही. पण बहुतेक क्लब एकही मासा नेऊ देत नाहीत आणि पासवर तसं लिहिलेलं असतं. बाहेरून आलेल्या माणसाच्या हातात पिशवी दिसली की इथली जुनी मंडळी अस्वस्थ होतात, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं: मोठी टेंच व्हायला वर्षानुवर्षं लागतात. कालवणाला बाजारातून हॅडॉक हा समुद्री मासा आणा. धरलेला मासा जाळ्यातच पाण्यात ठेवा, हात ओले करून गळ काढा (गळाच्या टोकाला उलटा काटा नसेल तर चुटकीसरशी निघतो), आणि वाहत्या पाण्यात सोडताना त्याचं तोंड प्रवाहाकडे धरून तो स्वतःहून निघेपर्यंत थांबा.